चौदा ऑगस्टचा फळा

कराड, ९ ऑगस्ट

चि. ला अनेक आशीर्वाद,

वाचनालयाच्या फळ्यासाठी तू काढलेली १४ ऑगस्टच्या क्रीडा दिनविशेषाची यादी पाहिली. मेहनत दिसते. पण पहिल्या ओळीत मॅजिक जॉन्सनचा जन्म (१९५९) आणि तळाला 'कुस्तीपटू खाशाबा जाधव यांचे निधन, १९८४'? जॉन्सन अमेरिकेचा मोठा बास्केटबॉल खेळाडू, वादच नाही. पण फळा कराडात लागणार आहे, आणि खाशाबांचं गाव गोळेश्वर इथून हाकेच्या अंतरावर.

नुसता क्रम बदलायचा असता तर फोनवरच सांगितलं असतं. तारखा सुट्या मांडू नकोस, एकमेकींना लावून बघ. १४ ऑगस्ट १९४८ ला लंडनचं ऑलिंपिक संपलं. त्यात आपल्या तांबड्या मातीतला हा गडी, खाशाबा, मॅटवर लढून फ्लायवेट गटात सहावा आला होता. त्याच दिवशी, त्याच शहरात, ओव्हल मैदानावर ऑस्ट्रेलियाचा ब्रॅडमन शेवटच्या कसोटीत उतरला आणि एरिक हॉलिसच्या दुसऱ्याच चेंडूवर शून्यावर त्रिफळा उडाला. शंभरच्या सरासरीला चार धावा कमी पडल्या, ती ९९.९४ वर थांबली, हे पोरंसोरंही सांगतील. पण त्याच दिवशी इंग्लंडचा पहिला डाव ५२ धावांत आटोपला होता. पुढे ऑस्ट्रेलिया डावानं जिंकली, त्यामुळं ब्रॅडमनला दुसरी संधीच आली नाही. हे कुणी लिहीत नाही. तू लिही.

सहाव्या नंबराला पदक नाही, म्हणून दिनविशेषात जागा नाही. तरी चारच वर्षांनी हेलसिंकीला त्याच गड्यानं कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले. पुढचं वैयक्तिक पदक लिअँडर पेसनं आणलं ते थेट १९९६ ला. खाशाबा तोवर राहिले नव्हते, रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कारसुद्धा मरणोत्तरच. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आता राज्य क्रीडा दिन आहे, तेव्हा हारतुरे होतात. १४ ऑगस्ट मात्र झेंडावंदनाच्या तयारीत बुडून जातो. म्हणून म्हणतो, अर्धा फळा त्यांना दे.

सचिनचं पहिलं कसोटी शतक (मँचेस्टर, १९९०, नाबाद ११९) एका ओळीत उरक. फार तर मनोज प्रभाकरनं टोक धरून सामना वाचवायला साथ दिली, तेवढं घाल.

तारखांचं एक बघ. जुन्या पैलवानांच्या जन्मतारखा तुझ्या वहीत १ जूनला ढिगानं सापडतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली तारीख ती. घरच्यांना विचारल्याशिवाय फळ्यावर वाढदिवस लावू नकोस, उगाच कुणीतरी पेढे घेऊन यायचं.

आणि बर्लिन ऑलिंपिकचा हॉकीचा अंतिम सामना तू १४ लाच टाकला आहेस. ठरला होता १४ ला, पण पावसानं पुढं ढकलला. १५ ऑगस्ट १९३६ ला ध्यानचंदांच्या संघानं जर्मनीला ८-१ नं हरवलं. ती ओळ इथून खोड आणि दुसऱ्या दिवशीच्या फळ्यावर सगळ्यात वर घे.

खडू पांढराच वापर. पिवळा उन्हात दिसत नाही.

तुझा,
सर