बर्लिनला एक सेमिस्टर: आधी परीक्षेच्या तारखा, मग घर, बाकी सगळं नंतर

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष, बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत (टीयू) एका सेमिस्टरसाठी निवड झाली आहे, हिवाळी की उन्हाळी ते स्वतः ठरवायचंय, तर तयारी कुठून सुरू करावी?

कॅलेंडरपासून. जॅकेट, तिकीट, मसाले ही दोन दिवसांची कामं आहेत. तारखा चुकल्या तर मात्र इथलं अख्खं सेमिस्टर अडकतं. टीयूचं हिवाळी सेमिस्टर कागदावर १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतात आणि लेखी परीक्षा त्यानंतर, काही थेट मार्चअखेर. आपल्याकडे सम सेमिस्टर जानेवारीत सुरू झालेलं असतं. म्हणजे परत येईपर्यंत इथली निम्मी हजेरी गेलेली. उन्हाळी सेमिस्टर एप्रिल ते सप्टेंबर, त्यातल्या तासिका जुलैत संपतात. त्यासाठी इथलं एकच सेमिस्टर सोडावं लागतं आणि जानेवारी ते मार्च हे तीन महिने मोकळे मिळतात. त्यात मॅक्समुलर भवनात जर्मनची पहिली पातळी आरामात होते. कॉलेज अडवत नसेल तर उन्हाळीच घ्या. ऑगस्टमध्ये कॅम्पस प्लेसमेंट सुरू होणार असेल तर परतीची तारीख तेवढी आधी तपासा.

हिवाळीच घ्यावं लागलं तर विषय निवडताना परीक्षेचा प्रकार बघा. टीयूच्या मॉड्यूल यादीत प्रत्येक विषयापुढे तो लिहिलेला असतो. ‘पोर्टफोलिओ’ प्रकारात असाइनमेंट, सादरीकरण, छोट्या चाचण्या सेमिस्टरभर चालतात आणि फेब्रुवारीच्या मध्याला बहुतेक काम उरकलेलं असतं. मात्र त्याची परीक्षा-नोंदणी सुरुवातीच्या आठवड्यांतच, पहिला गुण मिळण्याआधी करावी लागते. इथेच खूप जण फसतात. आयसिस या मूडल पोर्टलवर कोर्सला नाव घातलं म्हणजे झालं असं वाटतं; पण ती फक्त वर्गाची नोंद. परीक्षेची नोंद मोझेस या वेगळ्या यंत्रणेत होते. ती राहिली तर सेमिस्टरभर गेलात, सगळं दिलंत, तरी गुणपत्रिकेवर तो विषय येत नाही. दोन्ही ठिकाणी नाव दिसतंय का, हे तिसऱ्या आठवड्यात एकदा बघा.

क्रेडिटचं गणित निघण्याआधी लेखी करून घ्या. युरोपात पूर्ण सेमिस्टर ३० ईसीटीएसचं (तिथल्या क्रेडिटचं नाव) असतं, एक ईसीटीएस म्हणजे जर्मनीत साधारण ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. सहा-सहाचे पाच विषय घेतले तर शहर बघायला रविवारसुद्धा उरत नाही. कॉलेजला चालत असेल तर तीन-चार विषय पुरे. गुणांची पद्धत उलटी आहे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. २.० हा तिथे ‘चांगला’ शेरा असतो, पण इथल्या परीक्षा विभागातल्या टेबलावर दहापैकी दोन म्हणून वाचला जाऊ शकतो. म्हणून ‘कोणत्या विषयाऐवजी कोणता’ आणि ‘कोणत्या गुणाला किती ग्रेड’ अशी तक्ता जोडलेली सही-शिक्क्याची प्रत विभागप्रमुखांकडून घ्या. विषय फक्त ‘पास’ म्हणून नोंदवायची सोय असेल तर ती मागा.

आता घर. बर्लिनमध्ये बाकीची सगळी कामं पत्त्यावर टांगलेली असतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत त्या पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला आनमेल्डुंग म्हणतात. ती ब्युर्गरआम्ट या नागरिक सेवा कार्यालयात होते, आणि तिथे घरमालकाने किंवा मुख्य भाडेकरूने सही केलेलं ‘हा इथे राहतो’ असं पत्र लागतं. नुसता भाडेकरार चालत नाही. म्हणून खोली बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नसून ‘आनमेल्डुंग होईल का?’ हा असतो. ‘नाही’ म्हणाले तर खोली कितीही छान असो, सोडा. ब्युर्गरआम्टची वेळ आपल्याच भागात मिळायला हवी असं नाही, शहरातलं कुठलंही चालतं. रद्द झालेल्या वेळा सकाळी लवकर दिसतात, पेज रिफ्रेश करत बसायची तयारी ठेवा. तारीख उशिराची मिळाली तर बुकिंगचा पुरावा जपून ठेवा.

वसतिगृहासाठी प्रतीक्षायादी लांब असते, त्यामुळे अर्ज प्रवेशपत्र मिळालं त्याच दिवशी करा आणि त्यावर विसंबून राहू नका. एका सेमिस्टरला सर्वात बसणारी गोष्ट म्हणजे ‘त्स्विशेनमीटे’: स्वतः बाहेरगावी गेलेल्या विद्यार्थ्याची सजवलेली खोली चार-सहा महिन्यांसाठी. भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं, वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग-पाण्यासारखा खर्च धरून. तुलना नेहमी दुसऱ्याची करा. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकं. खोली न दाखवता आधी पैसे मागणारा, ‘मी परदेशात आहे, चावी कुरिअरने येईल’ असं सांगणारा, हा ठगच.

खोली मिळाली की त्याच संध्याकाळी लेटरबॉक्सवर आपलं आडनाव चिकटवा, अगदी कागदाच्या चिठ्ठीने का होईना. तिथल्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो, पोस्टमन नाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर बँकेचा पिन, विम्याचं कार्ड, सगळं परत जातं आणि दोन आठवडे कारण कळत नाही. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. आपल्याकडे वडिलांचं नाव कुठे ‘गिव्हन नेम’मध्ये, कुठे गायब असतं, बँक, विमा आणि ब्लॉक्ड अकाउंट (त्याबद्दल पुढे) या तिन्हीकडे एकसारखं नसेल तर पैसे अडकतात.

ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे व्हिसासाठी दाखवायचा निर्वाह खर्च. सप्टेंबर २०२४ पासून महिन्याला ९९२ युरो धरतात, सहा महिन्यांचे ५,९५२. पण हे पैसे तिथलं चालू खातं उघडल्यावरच दरमहा सुटतात. पहिला हप्ता हातात यायला तीन-चार आठवडे धरा. भाडं आणि डिपॉझिट मिळून फॉरेक्स कार्डावर वेगळे किमान १,५०० युरो ठेवा. व्हिसा नॅशनल, म्हणजे दीर्घ मुदतीच्या प्रकारचाच हवा. शेंगेन टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिथे बदलून मिळत नाही.

तिशीच्या आतल्यांना सरकारी आरोग्य विम्याचा विद्यार्थी दर मिळतो आणि विमा असल्याचं विमा कंपनी विद्यापीठाला स्वतःहून ऑनलाइन कळवते. स्वस्त खासगी पॉलिसीच्या मोहात सरकारी विम्यातून सूट घेतली तर त्या शिक्षणापुरतं परत फिरता येत नाही. सेमिस्टर फीमध्ये देशभराचं तिकीट येतं: बस, ट्राम, यू-बान (मेट्रो), एस-बान (लोकल), प्रादेशिक गाड्या चालतात, वेगवान आयसीई चालत नाही.

आनमेल्डुंगनंतर काही आठवड्यांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. घाबरून भरू नका: ते घरामागे एक असतं, डोक्यामागे नाही. फ्लॅटमधलं कोणी भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक पत्राच्या उत्तरात कळवून टाका.

किरकोळ पण रोजचं: वेळापत्रकात ‘१० ते १२’ लिहिलेलं असेल तर तास १०:१५ ला सुरू होतो आणि ११:४५ ला संपतो. कुकर न्यायचा असेल तर इंडक्शन-बेसचा न्या, साधा ॲल्युमिनियमचा इंडक्शनवर तापत नाही. बर्लिनचं पाणी जड आहे, तूरडाळ जास्त वेळ भिजवावी लागते. रविवारी सुपरमार्केट बंद. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, त्यामुळे सकाळचे तास घेतलेले बरे.

निघताना पत्त्याची नोंदणी रद्द करायची असते, तिला आबमेल्डुंग म्हणतात. घर सोडण्याच्या फार तर एक आठवडा आधीपासून ती करता येते. तो कागद असेल तरच विमा आणि रेडिओ-टीव्ही शुल्क सहज थांबतं. गुणपत्रिका बहुधा तुम्ही परतल्यावर येईल, म्हणून ती थेट इथल्या विभागाला मेल करायची विनंती आंतरराष्ट्रीय कार्यालयात आधीच नोंदवा. बँक खातं मात्र लगेच बंद करू नका. हीटिंगचा हिशोब लागेपर्यंत घरमालक डिपॉझिटचा काही भाग काही महिने अडवून ठेवू शकतो, आणि तो पाठवायला त्याला तिथलंच खातं सोयीचं पडतं.