काळ्या सिंहात कोण बसणार?

प्रश्न : ताई, माझी मुलगी सातवीत आहे. ‘व्होल्ट्रॉन : लेजेंडरी डिफेंडर’ या कार्टून मालिकेत संघाचा म्होरक्या शिरो नाहीसा होऊन त्याच्या जागी कीथ म्होरक्या झाला, तेव्हापासून ती चिडली आहे. ‘हा कसला कॅप्टन?’ म्हणते. मालिकेचं चुकलंच का?
– एक आई, खानापूर

उत्तर : नाही हो. मला तर तिसरा सीझन त्यासाठीच आवडतो. काळा सिंह, म्हणजे म्होरक्याचं सिंहाच्या रूपातलं यंत्रयान, कीथला स्वीकारतो, पण बदल तिथंच थांबत नाही. त्यांचा सहकारी लान्स निळा सिंह सोडून लाल सिंहात जातो, निळ्यात राजकन्या अल्युरा बसते. एकदम तिघांची जागा हलते. आमच्या शहापुरात शिवजयंतीच्या चित्ररथाची सूत्रं नव्या पोराकडे गेली की पहिल्या वर्षी कुरबुर ठरलेली, तसंच हे. कीथ तापट, शत्रूचा राजपुत्र लोतोरच्या मागे सगळ्यांना घेऊन धावत सुटतो. लान्स त्याला तोंडावर अडवतो, आणि कीथ हळूहळू ऐकायला शिकतो. लान्सचं हे काम मला कीथच्या पराक्रमाहून मोठं वाटतं.

पुढे शिरो परततो, कीथ ‘ब्लेड ऑफ मार्मोरा’ या गुप्त बंडखोर गटाकडे निघून जातो. लेकीला सहाव्या सीझनपर्यंत बघू द्या. शिरोचं कोडं तिथं सुटतं. ते मी आधी फोडणार नाही.