‘मळ्यावर सोडा’ म्हणणाऱ्यांना काय उत्तर द्यावे?

प्रश्न : आमच्याकडे साडेपाच वर्षांची लॅब्रॅडॉर मादी आहे. वडिलांना पक्षाघात झाल्यापासून त्यांचे सारे आईलाच करावे लागते आणि माझी बदली नागपूरला झाली आहे. मंगळवार पेठेतील घर सोडून आईवडील महिन्याभरात धाकट्या भावाकडे राहायला जातील, परंतु भावाच्या मुलाला दमा असल्याने तिथे कुत्री ठेवता येणार नाही. एक नातेवाईक म्हणतात, ‘पन्हाळ्याकडे आमचा मळा आहे, तिथे सोडा, मोकळी राहील.’ हे योग्य होईल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आपली अडचण खरी आहे, त्यामुळे कुत्री दुसऱ्या घरी देण्यात अपराध वाटून घेण्यासारखे काही नाही. आपल्या पत्रातील ‘सोडा’ हा शब्द मात्र मला खटकला. पाच वर्षे पंख्याखाली, माणसांच्या पायाशी झोपलेल्या लॅब्रॅडॉरला मळ्यावरचे मोकळेपण मानवेलच असे नाही. तिथे बहुतेक वेळा दिवसभर साखळी, उरलेली भाकरी आणि रात्रीची राखण एवढेच तिच्या वाट्याला येते. त्या भागात बिबट्या उसात आसरा घेतो आणि रात्री उघड्यावर बांधलेले कुत्रे त्याला सहज सापडते, हे नातेवाइकांनाही ठाऊक असेल. मळ्यावर बारमाही कुटुंब राहत असेल, ती रात्री घरात झोपणार असेल आणि तिला सांभाळण्याची हौस घरातल्या एकाला तरी असेल, तरच या पर्यायाचा विचार करावा.

नाहीतर ओळखीतून घर शोधावे. नेहमीच्या पशुवैद्यांना प्रथम सांगावे, कारण कोणाचे कुत्रे नुकतेच वारले आणि कोणाचे घर त्याच्यावाचून सुने झाले आहे, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. ‘फुकट देणे आहे’ अशी जाहिरात टाळावी. जातिवंत मादी म्हटली की पिल्लांच्या विक्रीवर डोळा असणारे लोक आधी फोन करतात. नसबंदी झालेली नसेल तर पशुवैद्यांच्या सल्ल्याने ती आत्ताच करून घ्यावी, म्हणजे असे फोन आपोआप बंद होतील आणि घर बदलण्यापूर्वी टाके भरायला दोन आठवडे मिळतील.

कोणी पाहायला आले की तिचे गुण सांगण्याआधी खोडी सांगाव्यात. ती फटाक्यांना घाबरते, मांजर दिसले की दोरी ओढते, एकटी राहिली की चपला कुरतडते, असे जे काही असेल ते लपवू नये; लपवलेली खोड आठवड्यात उघडी पडते आणि कुत्री तिसऱ्या दारी जाते. आपणही त्यांच्या घरी जाऊन यावे, घर भाड्याचे असल्यास मालकाची संमती विचारावी, आणि न जमल्यास कुत्री इतर कोणाला न देता आपल्याकडेच परत करावी, असे लिहून घ्यावे. या अटीला जो नाराज होईल त्याला ती देऊ नये.

देताना रेबीजच्या वार्षिक लशीची नोंद असलेली वही, तिची चादर आणि नेहमीचे खाणे सोबत द्यावे. नवे खाणे आठवडाभरात थोडे थोडे मिसळत बदलावे. आपल्याकडे रविवारी रश्श्यात कालवलेली भाकरी प्रेमाने कुत्र्यापुढे ठेवतात, पण कांदा आणि लसूण कुत्र्याला बाधतात, हे नव्या घरी स्पष्ट सांगावे.

महिना संपला आणि घर मिळाले नाही, तरीही तिला रंकाळ्यावर किंवा एखाद्या ढाब्याजवळ सोडण्याचा विचार मनात आणू नये. उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला त्यात 10 ते 50 रुपये दंड लिहिलेला आहे, म्हणून तो क्षुल्लक ठरत नाही. त्याऐवजी पैसे मोजून काही आठवडे तिला सांभाळणाऱ्याकडे ठेवावे आणि शोध चालू ठेवावा.

आईंना पहिले पंधरा दिवस तिच्या भेटीला नेऊ नये. त्यांना पाहून ती पुन्हा दाराशी बसून राहील. तोवर नव्या घरच्यांनी मोबाईलवर तिची छायाचित्रे पाठवावीत, एवढे आधीच ठरवून घ्यावे.