हळद एकच, आकडे दोन, मग खरा कोणता?

प्रश्न: सांगलीकडची आमची हळद. एका लॅबने कर्क्युमिन ४.२ टक्के दिलं, दुसऱ्या लॅबने एचपीएलसी (द्रव्यं वेगळी करून मोजायची पद्धत) करून ३.१. पोतं तेच, पावडर तीच. व्यापारी कमीचाच आकडा धरून बसलाय. कोणीतरी फसवतंय का?
– एक शेतकरी वाचक

उत्तर: फसवतंयच असं नाही हो. पहिल्या रिपोर्टवर मेथड काय लिहिलीय बघा, बहुतेक स्पेक्ट्रोफोटोमीटर असणार. त्यात हळदीचा अर्क काढून ४२५ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषला जातो तेवढंच मोजतात, पण हळदीत पिवळी द्रव्यं तीन असतात, कर्क्युमिन, डीमेथॉक्सीकर्क्युमिन आणि बिसडीमेथॉक्सीकर्क्युमिन, आणि तिन्ही तिथेच प्रकाश शोषतात, त्यामुळे आकडा येतो तिघांचा मिळून आणि छापतात मात्र एकट्या कर्क्युमिनच्या नावाने. हे लॅबवाल्यांनी खरंच बंद करावं.

एचपीएलसीत तिघांना आधी वेगळं करतात. साधारण २५ सेंटिमीटरची स्टीलची नळी, तिला कॉलम म्हणतात, आत ५ मायक्रॉनचे सिलिकाचे कण ठासलेले, त्यांच्यावर १८ कार्बनच्या साखळ्या, म्हणजे तेलकट पृष्ठभाग. पंप त्यातून ॲसिटोनायट्राइल आणि थोडं ॲसिड घातलेलं पाणी दाबाने ढकलतो. जे द्रव्य त्या तेलकटपणाला जास्त धरून राहतं ते उशिरा बाहेर येतं. बिसडीमेथॉक्सी पहिलं, मग डीमेथॉक्सी, कर्क्युमिन शेवटी. ग्राफवर तीन पीक, म्हणजे टोकदार उंचवटे, दिसतात, त्यांचं क्षेत्रफळ स्टँडर्डशी, म्हणजे त्या द्रव्याच्या शुद्ध नमुन्याशी, ताडून टक्के काढतात.

तर तुमचं ३.१ हे फक्त शेवटच्या पीकचं असू शकतं. दुसऱ्या लॅबकडून क्रोमॅटोग्राम, म्हणजे तो पीकचा ग्राफ, मागून घ्या, पैसे दिलेत तुम्ही. तिन्हींची बेरीज ४.२ च्या आसपास आली तर दोन्ही लॅब बरोबर, आणि व्यापाऱ्याला विचारा की सौदा एकट्या कर्क्युमिनवर ठरला होता की एकूण कर्क्युमिनॉइडवर, म्हणजे तिन्ही द्रव्यं मिळून. बेरीज खूपच कमी आली तर मात्र पहिला आकडा कशाने फुगला ते बघायला हवं, कारण मेटॅनिल यलोसारखा भेसळीचा रंगही साधारण तिथलाच प्रकाश शोषतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरला फरक कळत नाही. एचपीएलसीत त्याचा पीक सहसा वेगळ्या वेळेला येतो. पण नुसती वेळ जुळली म्हणून ओळख पटली असं कोणी सांगितलं तर मानू नका, डायोड ॲरे डिटेक्टरवर त्या पीकचा स्पेक्ट्रमही, म्हणजे कुठला प्रकाश किती शोषला त्याचा आलेख, स्टँडर्डशी जुळायला हवा.

आणि लेड क्रोमेट, म्हणजे भेसळीतला शिशाचा पिवळा रंग, यात दिसणारच नाही, शिशाची टेस्ट वेगळी करावी लागते. पुढच्या वेळी सॅम्पल उन्हात ठेवू नका, कर्क्युमिन उजेडात नष्ट होत जातं.