गाफील म्हणजे बेखबर नव्हे

म्हापशाच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : गोवा मुक्तिदिनाच्या भाषणात विद्यार्थ्याने ‘पोर्तुगीज सरकार गाफील राहिले’ म्हणावे की ‘बेसावध राहिले’? दोन्हींत फरक आहे का?

आहे, आणि दर डिसेंबरात तो पायदळी जातो. एकोणीस तारीख जवळ आली की निवेदक, वक्ते, पुरवण्यांचे संपादक एका सुरात ‘गाफील पोर्तुगिजांवर अचानक झडप’ घालू लागतात. त्यांना म्हणायचे असते ‘बेखबर’. गाफील हा मूळचा अरबी शब्द, गफलतीचा सख्खा भाऊ. गफलत करणाऱ्याला माहिती नसते असे नाही, त्याचे लक्ष नसते. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही निष्काळजीपणाच्याच अंगाने अर्थ दिला आहे. परीक्षेची तारीख न कळलेला मुलगा बेखबर. तारीख भिंतीवर लिहून ठेवून पतंग उडवायला गेलेला गाफील.

बेसावधाची गंमत वेगळी. सावध म्हणजे स-अवधान, लक्षासहित. त्याला फारसी ‘बे’ लागला. पुढच्या अक्षराने आणलेले लक्ष मागच्याने घालवले! शुद्धिवाद्यांना हा संकर खपत नाही, ते ‘अनवहित’ लिहितात. लिहोत बापडे. पहारेकऱ्याला पहाटे डुलकी लागली तर तो बेसावध, आणि ही अवस्था घटकाभराची. गाफीलपण मुरावे लागते, त्याला वर्षे जातात.

आता १९६१ मध्ये कोण काय होते ते बघा. पणजी बेखबर नव्हती. २४ नोव्हेंबरला पोर्तुगिजांच्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ बोटीवर गोळ्या झाडल्या गेल्या, एक प्रवासी दगावला, आणि तिथून पुढे दिल्लीत काय शिजते आहे ते ओळखायला हेर लागत नव्हता. सरहद्दीपलीकडे फौजा जमत होत्या, त्याही काही चोरून नाही. गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा याने तर लिस्बनची मनाई असताना तिमोरहून आलेल्या ‘इंडिया’ बोटीवर ३८० माणसांच्या जागेत सुमारे ७०० पोर्तुगीज नागरिक चढवून रवाना केले. बचावाची योजना तयार होती, तिचे नाव ‘प्लानु सेंतिनेला’, म्हणजे पहारेकरी योजना. प्रदेशाचे चार विभाग पाडायचे, लढत लढत मागे यायचे, वाटेतले पूल सुरुंगाने उडवायचे. सुरुंग पेरून बसलेल्याला बेसावध कसे म्हणणार?

गाफील होते ते लिस्बन, आणि अस्सल अरबी अर्थाने. १९५४ मध्ये दादरा-नगरहवेली हातची गेली. त्यातून काही ओळखण्याऐवजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचे सरकार हेगच्या न्यायालयात गेले. १९६० मध्ये त्यांच्याच सेनाधिकाऱ्यांनी वसाहतींच्या युद्धात निभाव लागणार नाही असे बजावले, तरी धोरण तसूभर हलले नाही, उलट गोव्यातली फौज मात्र घटली. लढाऊ विमान एकही नव्हते. हिशेब असा, की नेहरू शांततेचे पुजारी, हात उगारणार नाहीत; उगारलाच तर १३८६ च्या विंडसर तहापासूनचा दोस्त इंग्लंड आडवा येईल, अमेरिका येईल. कोणी फौज घेऊन आले नाही. सुरक्षा परिषदेत युद्धबंदीचा ठराव आला तो सोव्हिएत रशियाने नकाराधिकाराने पाडला. १४ डिसेंबरला सालाझारचा हुकूम आला होता की शरण जायचे नाही, सैनिक एकतर विजयी नाहीतर मेलेले. १९ च्या संध्याकाळी वासालु शरण आला. पुढे देशात त्यालाच दोषी धरून सैन्यातून काढले. शहाणपण केल्याची शिक्षा, दुसरे काय.

(चोरीसांची गोष्ट इथे टाळवत नाही. रणगाडाविरोधी गोळ्यांना सांकेतिक नाव होते चोरीस, म्हणजे गोव्यातही होणारे डुकराच्या मांसाचे सॉसेज. गोव्याने ते मागवले आणि लिस्बनहून विमानाने खरोखरचे चोरीस आले, असे सांगतात. गोव्यात चोरीस पाठवणे हीच मुळात गफलत.)

पण मला बोलायचे आहे ते ‘खबरदार’बद्दल. खबर आणि दार : ज्याच्याजवळ खबर आहे तो. एवढाच मूळ अर्थ! ज्याच्याजवळ खबर आहे तो जपून वागणारच, या विश्वासावर ‘सावध’ हा अर्थ आला, आणि मग मराठीने त्याची थेट धमकी केली : खबरदार, पुढे आलास तर! शुद्धिवादी इथे ‘दक्ष’ सुचवतात. ‘दक्ष, पुढे आलास तर’ असे म्हणून बघा एकदा. समोरचा दचकेल कसला, तो टाचा जुळवून उभा राहील. आणि शब्दाने धरलेला तो विश्वास किती भोळा, तर लिस्बनजवळ खबर होती आणि खबरदारी नव्हती. इतिहासात ही एकच वेळ नव्हे. १६८३ मध्ये संभाजीराजे दूर आहेत या भरवशावर विजरई (पोर्तुगीज व्हाइसरॉय; हा ‘व्हिसरेइ’चा आपला जुना अवतार) फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. राजे आले, तोफा टाकून पळायची पाळी आली, आणि त्याच महिन्यात जुवे बेटावर मराठे उतरल्यावर त्याने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवाच्या हाती दिला.

आता ते ‘दार’. परवा एका व्याख्यानात ऐकले की हे ‘द्वार’ आहे. छे! फारसी ‘दाश्तन’, धरणे, ठेवणे. त्याचे हे ‘दार’, आणि संस्कृत ‘धृ’ त्याचा चुलतभाऊ. खबरदार म्हणजे खबरधर, चक्रधरासारखा. आणि हेच ‘दार’ आपल्या राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवचाराला, लागले आहे, ज्याला गोव्यात गावोगाव रोट ठेवतात, कुठे विडी आणि सोरोही (दारू). राखण आपली, दार फारसी, आणि मधे देवचार उभा! माझा तर्क असा की हे दार किल्ल्यांवरून आले. फोंडा १६७५ मध्ये शिवाजीमहाराजांनी घेईपर्यंत आदिलशाहीत होते. किल्लेदार, हवालदार हे शब्द तिथल्या माणसांच्या रोजच्या कानावर. गडाचा जसा किल्लेदार तसा शिवेचा राखणदार. याला कागदाचा पुरावा मागणारे भेटतात. त्यांनी आधी द्वारवाल्यांकडे मागावा, आणि हवालदाराचे द्वार कुठल्या भिंतीला असते तेही विचारून घ्यावे.