विचारा की! : स्पॅनिशच्या क्लासात हडळ चालेल का?

प्रश्न : नमस्कार ताई, मी टिळकवाडीत संध्याकाळी स्पॅनिशचा क्लास घेतो. पोरं बहुतेक इंजिनिअरिंग नाहीतर बीकॉमची, निम्म्यांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या कन्नड. क्रियापदांचे तक्ते धडाधड म्हणून दाखवतात पण काल काय झालं ते सांग म्हटलं की सगळे गप्प. एक मित्र म्हणाला कॅरिबियनमधल्या पोर्तो रिको, डोमिनिकन रिपब्लिक असल्या बेटांवरच्या दंतकथा घे. पण कॉलेजच्या पोरांना ते बालिश वाटेल ना? आणि सिलॅबस कधी संपवू?
— एक शिक्षक, बेळगाव

उत्तर : सर, बालिश कसलं! खानापूरच्या पुढं जंगलातनं रात्री बाईकवरून आलेल्या पोराला विचारून बघा हडळ खरी असते का, तोंडानं नाही म्हणेल आणि मग अर्धा तास मामाचा किस्सा सांगत बसेल. तुम्हाला तेच तर पाहिजे की, पोरानं न थांबता बोलणं, फक्त स्पॅनिशमध्ये.

सुरुवात डोमिनिकन रिपब्लिकच्या सिग्वापापासून करा. डोंगरात राहणारी, रात्रीच बाहेर पडणारी बाई, केस इतके लांब की अंग झाकतं, आणि पाय उलटे! म्हणजे ठसे बघून मागं गेलेला माणूस बरोबर उलट्या दिशेला जातो. आपल्याकडच्या पोरांना उलटे पाय म्हटलं की पुढचं सांगावंच लागत नाही. पण तिला सरळ हडळ म्हणून मोकळे होऊ नका, हडळ मेलेल्या बाईचं भूत असते आणि सिग्वापा रानातली जिवंत, माणसाला बुजणारी बाई आहे. दोघींत काय सारखं काय वेगळं, यावरच एक तास निघतो.

आता व्याकरणाचं, कारण खरा फायदा तिथंच आहे. स्पॅनिशमध्ये साधे भूतकाळ दोन, इम्परफेक्तो आणि प्रेतेरितो, आणि पोरं अडकतात ती यातच. दंतकथेत मात्र दोन्ही आपोआप आपापल्या जागी बसतात. ‘डोंगरात एक बाई राहायची, रात्री नदीवर यायची’ इथपर्यंत इम्परफेक्तो, आणि ‘एक दिवस एक शिकारी आला, त्यानं ठसे बघितले’ इथनं प्रेतेरितो. मराठी पोराच्या डोक्यात ‘यायची’ आणि ‘आली’ हा फरक आधीच पक्का आहे, कन्नडवाल्यांना ‘बर्तिद्द’ आणि ‘बंद’ आठवून द्या, चटकन कळेल. फक्त ‘होता’ला जपा. मराठीत एकच होता दोन्हीकडं चालतो, स्पॅनिशमध्ये कुठं ‘एरा’ कुठं ‘फुए’, आणि हुशार पोरंसुद्धा तिथं घसरतात.

मग पोर्तो रिकोची गोष्ट घ्या, सैतानाच्या पहारेघराची. सान हुआनच्या सान क्रिस्तोबाल किल्ल्याला समुद्राच्या बाजूला एक एकटं पहारेघर आहे, तिथला शिपाई एका रात्री गायब झाला, मागं उरली बंदूक आणि कपडे. सैतानानं नेला म्हणे. दुसरी कथा सांगते की सैतान बियतान काही नाही, गडी प्रेयसीला घेऊन पळाला. हे दोन शेवट म्हणजे तुम्हाला सोनं आहे! वर्गाचे दोन भाग करा, एका बाजूला बाकीचे शिपाई, दुसऱ्या बाजूला मुलीच्या घरचे, आणि होऊ दे भांडण.

एक अट मात्र पाळा, कागद वाटू नका. कागद हातात आला की पोरं खाली बघून वाचतात आणि मग तो परत धडाच झाला. आधी तुम्ही सांगा, हातवारे करून, सोप्या वाक्यांत, मग एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, तिसऱ्यापर्यंत गोष्ट बदललेली असणार आणि ती बदललेलीच पाहिजे. मध्येच चुका काढू नका, वहीत टिपून ठेवा, शेवटी सांगा. लिहून आणायला लावायचं ते दुसऱ्या दिवशी. सिलॅबसचं म्हणाल तर भूतकाळाचे धडे वेगळे घ्यायचेच नाहीत, त्याच तासांत या गोष्टी बसवायच्या.

प्रश्न : ताई, मी घरीच स्पॅनिश शिकते. यूट्यूबवर पोर्तो रिकोच्या एका आजोबांनी सांगितलेली गोष्ट लावली तर काही म्हणजे काही कळलं नाही, माझंच कच्चं आहे का?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : अगं नाही, त्या भागात शब्दातला शेवटचा ‘स’ गिळतात, ‘लोस नीन्योस’चं (म्हणजे मुलं) ‘लोह नीन्योह’ होतं, आणि पोर्तो रिकोतल्या पोर्तोचा स्पॅनिश उच्चार पुएर्तो, त्याचं पुएल्तोसुद्धा ऐकायला मिळतं. स्पेनच्या कॅनरी बेटांवरही ‘स’ असाच गिळतात, तिथनं खूप लोक कॅरिबियनमध्ये जाऊन राहिले त्याचाही यात हात आहे. आपलं बेळगावी ऐकून पुण्याचा माणूस तरी कुठं पहिल्या झटक्यात समजतो! आधी तीच गोष्ट वाचून घे, मग वाचत वाचत ऐक, मग नुसती ऐक. आणि कॅनरीतल्या ला गोमेरा बेटाची गारा आणि होनायची गोष्ट शोध, गारा त्या बेटाची राजकन्या, होनाय शेजारच्या तेनेरिफे बेटाचा, फुगवलेल्या कातड्यांवर समुद्र पोहून तिच्याकडं आलेला. शेवट रडवणारा आहे, सांगत नाही, पण त्या दोघांच्या नावानं ओळखलं जाणारं गाराहोनाय जंगल 1986 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.