अँटेनाला तार नको, उजेड द्या

प्रश्न : पिन डायोड (प्रवाहाने चालू-बंद होणारे स्विच) स्वस्त आणि भरवशाचे असताना बदलत्या अँटेनात, म्हणजे गरजेप्रमाणे फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या अँटेनात, प्रकाशाचा खटाटोप कशाला?

बायसच्या, म्हणजे डायोडला चालवणारी वीज पुरवणाऱ्या, तारांपायी. पिन डायोड चालू ठेवायला काही मिलिअँपिअर प्रवाह लागतो आणि तो आणणारी तार म्हणजे अँटेनाच्या लेखी आणखी एक धातूचा तुकडा. २.४ गिगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी जेमतेम ६२ मिलिमीटर. शेजारून तेवढीच तार गेली की तीही लहरी फेकू लागते. चोक (रेडिओ लहरी अडवणारी कॉइल) लावून त्रास कमी होतो, जात नाही. प्रकाश आणणारा ऑप्टिकल फायबर काचेचा, त्याची ही कटकट नाही.

प्रश्न : अँटेनाच्या दोन पट्ट्यांमध्ये स्विच म्हणून बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड (उजेड पडला की वीज देणारा डायोड) जोडला. उजेड असो की अंधार, फरक शून्य! डायोड गेला का?

डायोड ठणठणीत आहे, जागा चुकली. त्याचा प्रकाश झेलणारा भाग ७.५ चौरस मिलिमीटरचा, म्हणून बायस नसताना कपॅसिटन्स (चार्ज साठवण्याची क्षमता; ती जितकी जास्त तितक्या रेडिओ लहरी सहज आरपार जातात) सुमारे ७० पिकोफॅरड. २.४ गिगाहर्ट्झला त्याचा अडथळा एक ओहमच्या आसपास, म्हणजे हा स्विच अंधारातही बंद होत नाही! आरएफसाठीच्या (रेडिओ फ्रिक्वेन्सीसाठीच्या) डायोडात हाच कपॅसिटन्स ०.२ पिकोफॅरडच्या घरात असतो, म्हणजे अडथळा तीनशेहून जास्त ओहम.

हाच फोटोडायोड बॅटरी म्हणून वापरा. असे सहा एकसर जोडले तर चांगल्या उजेडात दोनेक व्होल्ट मिळतात. ते व्हॅरॅक्टरला (व्होल्टेजप्रमाणे कपॅसिटन्स बदलून अँटेनाची फ्रिक्वेन्सी सरकवणाऱ्या डायोडला) उलट्या दिशेने द्या. व्हॅरॅक्टर प्रवाह जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे मध्ये चोकऐवजी १०० किलोओहमचा साधा रेझिस्टर पुरतो. फोटोडायोडांच्या साखळीला समांतर एखाद्या मेगाओहमचा रेझिस्टरही ठेवा, म्हणजे उजेड गेल्यावर साठलेला चार्ज लगेच निघून जातो. माझं मत विचाराल तर प्रकाशाने बायस द्यावा, आरएफच्या वाटेत येऊ नये.

प्रश्न : मग सिलिकॉनच्या तुकड्यावर लेझर टाकून केलेला स्विच?

चालतो. ८०८ किंवा ९८० नॅनोमीटरचा लेझर घ्या. साधारण ११०० च्या पुढे सिलिकॉन पारदर्शक होतं. पण लेझर सतत चालू ठेवावा लागतो, तुकडा तापतो आणि उजेडातही थोडा रोध उरतोच.

प्रश्न : ऊन पडलं तर?

ट्यूनिंग सरकणार. झाकण लावा, पण काळं दिसतं म्हणून विश्वास ठेवू नका. बरंच काळं प्लास्टिक इन्फ्रारेड आरपार सोडतं. झाकण लावून टीव्हीचा रिमोट त्यावर रोखा, बटण दाबा आणि फोटोडायोडवरचा व्होल्टेज ऑसिलोस्कोपवर पाहा. रेघ थरथरली तर दुसरं झाकण शोधा.